केस गळतायत? तेलाची बाटली घेण्याआधी कारण शोधा!

कंगव्यात केस जास्त दिसू लागले, की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. अम्मी म्हणते बोअरचं पाणी खारं आहे. चाचा म्हणतात दिवसभर टोपी घालून असं झालं. मित्र कांद्याचा रस लावायला सांगतो आणि सलूनवाला भाई थेट एक बाटलीच हातात ठेवतो. त्यात मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल आणि रिश्त्याची बोलणी चालू असतील, तर मग विचारूच नका. फोटो काढायचा म्हटलं तरी तो टाळाटाळ करतो, लग्नकार्यात मागे मागे राहतो.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. केस का गळतायत, हे कुणी विचारत नाही. केस गळणं हे एकच दुखणं नाही. त्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा आहे. काही प्रकारांत केस आपोआप परत येतात, काहींमध्ये औषधाने येतात, तर काहींमध्ये उशीर झाला की येत नाहीत. म्हणूनच चुकीच्या बाटलीवर गेलेले पैसे हे लहान नुकसान आहे. मोठं नुकसान गेलेल्या वेळेचं आहे. चला तर मग, हा विषय नीट समजून घेऊया.

केस उगवतो कसा आणि गळतो कसा?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं स्वतःचं एक चक्र असतं. केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो नुसता मुळात टिकून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा केस येतो. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणं अगदी नॉर्मल आहे. अंघोळीच्या वेळी जाळीवर थोडे केस दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. हा आकडा लक्षात ठेवा. 'पंधरा दिवसांत घनदाट केस' अशी जाहिरात दिसली, की हाच आकडा आठवा. पंधरा दिवसांत अर्धा सेंटीमीटर वाढणारा केस टकलावर जंगल कसं उभं करणार?

पुरुषांचं टक्कल: वारसा आणि हार्मोन

पुरुषांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे वारशाने येणारं टक्कल. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात, डोक्याच्या मध्यावर चंद्र दिसू लागतो आणि पुढे दोन्ही जागा एकमेकींना मिळतात. कानाच्या वरचे आणि मागचे केस मात्र टिकून राहतात. या वाढत्या टकलाच्या पायऱ्या डॉक्टर १ ते ७ अशा मोजतात. जेम्स हॅमिल्टन यांनी ही पद्धत सुरू केली आणि ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये ती सुधारली. म्हणून तिला हॅमिल्टन-नॉरवुड मोजपट्टी म्हणतात.

यामागचं कारण असं आहे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. एक एन्झाइम त्याचं रूपांतर डीएचटी नावाच्या जास्त ताकदीच्या हार्मोनमध्ये करतं. ज्यांच्या केसांची मुळं वारशानेच या डीएचटीला नाजूक असतात, त्यांची मुळं हळूहळू आकसतात. प्रत्येक फेरीत केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी नुसती लव उरते. म्हणजे टक्कल एका रात्रीत पडत नाही. आधी केस बारीक होतात, नंतर नाहीसे होतात. इलाजाची संधी या मधल्या काळात असते.

'मामूंना टक्कल म्हणून भाच्याला टक्कल' असं आपल्याकडे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. टकलाशी संबंध असलेलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं, पण बाकीची अनेक जनुकं दोन्ही बाजूंनी येतात. त्यामुळे अब्बांचं डोकंही पाहायला हवं. आणि टक्कल म्हणजे मर्दानगी कमी किंवा जास्त, या दोन्ही गोष्टी चूक. बहुतेक टकल्या पुरुषांच्या रक्तात हार्मोन इतरांइतकंच असतं. फरक असतो तो मुळांच्या नाजूकपणात.

प्रत्येक केसगळती म्हणजे टक्कल नव्हे

आता बाकीची कारणं पाहू. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो.

टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा कडक ताप, मोठं ऑपरेशन, अपघात, घरातला मोठा सदमा किंवा लग्नाआधी झटपट वजन कमी करण्याची घाई. यानंतर दोन-तीन महिन्यांनी संपूर्ण डोक्यावरचे केस मूठमूठ गळू लागतात. ताप विसरलेला असतो, त्यामुळे कुणाला संबंध लक्षात येत नाही. शरीरावर ताण आला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि तीन महिन्यांनी एकदम गळतात. ही गळती भीतीदायक दिसते, पण मुळं जिवंत असतात. बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. नेमक्या याच काळात कुणी एखादं तेल लावत असेल, तर श्रेय मात्र त्या तेलाला मिळतं!

डोक्यावर किंवा दाढीत रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल डाग पडला, तर त्याला आपल्याकडे चाई म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. हा संसर्ग नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. डाग छोटे असतील तर अनेकदा केस आपोआप येतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे त्यासाठी मलम आणि इंजेक्शनही असतं. त्या डागावर लसूण घासून कातडी भाजून घेणं मात्र बंद करा.

लहान मुलांच्या डोक्यात खाज, खपल्या आणि तुटलेल्या केसांचा डाग दिसला, तर तो बहुधा नायटा असतो, म्हणजे बुरशी. ही मात्र पसरते. एकमेकांचा कंगवा, टॉवेल, टोपी आणि नीट साफ न केलेली सलूनची मशीन यांतून ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मशिदीत दाराजवळ ठेवलेल्या सामाईक टोप्या वापरण्यापेक्षा मुलाला त्याची स्वतःची धुतलेली टोपी द्या. डोक्यातल्या बुरशीला नुसतं मलम पुरत नाही, पोटात घ्यायचं औषध लागतं.

याशिवाय थायरॉइडचा त्रास, रक्तातलं लोह कमी असणं, जेवणात प्रथिनं कमी पडणं आणि काही औषधं यांमुळेही केस गळतात. जिममध्ये जाणाऱ्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बॉडी लवकर बनावी म्हणून घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचं टक्कल लवकर आणतात.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, काळवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच डोकी उघडी पडली. पुरुष, बाया, मुलं, कुणीच सुटलं नाही. आधी बोट पाण्याकडे गेलं, शाम्पूकडे गेलं. आयसीएमआरची पथकं गावात आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून सांगितलं, की लोकांच्या शरीरात सेलेनियम खूप वाढलेलं आणि जस्त कमी आहे. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. बऱ्याच गावकऱ्यांचे केस नंतर परत येऊ लागले.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला, एकाच वेळी अनेकांचे केस गेले तर तो वारसा नसतो, बाहेरचं कारण शोधावं लागतं. दुसरा, सेलेनियम शरीराला लागतं, पण थोडंच. जास्त झालं की तेच केस पाडतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. म्हणून 'केसांच्या गोळ्या' मनाने महिनोन्‌महिने खाऊ नका. बायोटिनची कमतरता असल्याशिवाय त्याचा फायदा दिसत नाही. उलट बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या रक्ततपासणीचा निकाल चुकू शकतो. रक्त द्यायला जाताना अशी गोळी चालू असल्याचं लॅबमध्ये जरूर सांगा.

टोपी, पाणी, वस्तरा: गैरसमज किती!

टोपीने टक्कल पडत नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं आणि त्याला लागणारा ऑक्सिजन रक्तातून मिळतो, बाहेरच्या हवेतून नाही. हेल्मेटचंही तसंच. हेल्मेटमुळे टक्कल पडेल म्हणून ते न घालणं म्हणजे केस वाचवायला डोकं धोक्यात घालणं. फक्त टोपी आणि हेल्मेटचं अस्तर स्वच्छ ठेवा.

खाऱ्या पाण्याने केस कोरडे होतात, तुटतात; पण कपाळाचे कोपरे उघडे पडत नाहीत.

उमराह किंवा हजहून आल्यावर 'आता केस दाट येतील' असं अनेकांना वाटतं. हलक ही इबादत आहे, केसांचा इलाज म्हणून तिच्याकडे पाहू नये. वस्तरा कातडीच्या वर चालतो, मुळापर्यंत पोहोचत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो हाताला जाड लागतो, एवढंच.

कांदा, कलौंजी आणि जादूची तेलं

कांद्याच्या रसाची गोष्ट पूर्ण हवेतली नाही. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याच्या रसावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला आणि काहींचे केस परत आल्याचं नोंदवलं. पण तो अभ्यास चाईच्या रुग्णांवर होता, वारशाच्या टकलावर नव्हता. इंटरनेटवर नेमका हाच फरक गायब होतो.

कलौंजीचं, खोबऱ्याचं तेल लावायला हरकत नाही. केस मऊ राहतात, कमी तुटतात. पण डीएचटीमुळे आकसलेलं मूळ तेलाने पुन्हा मोठं होतं, असा भरवशाचा पुरावा नाही. तेल लावा, पण इलाज म्हणून त्याच्यावर दोन-तीन वर्षं घालवू नका.

खरी भीती आहे ती विनानावाच्या तेलांची. मार्च २०२५ मध्ये पंजाबच्या संगरूरमध्ये टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं. डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठहून जास्त लोकांना डोळे लाल होऊन, आग होऊन दवाखाना गाठावा लागला. आपल्या देशाच्या औषध नियमांत अनुसूची 'जे' नावाची एक यादी आहे. ज्या आजारांवर औषध बरं करण्याचा दावा करू नये, त्यांची ती यादी. त्यात टक्कलही आहे आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणजे 'गॅरंटी' हा शब्द दिसला की समजून जा.

मग उपयोग कशाचा होतो?

वारशाच्या टकलावर दोन औषधांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

पहिलं मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लड प्रेशरची गोळी होतं. ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून डोक्याला लावायचं औषध तयार झालं. अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पुरुषांना साधारणपणे ५ टक्क्यांचं औषध दिवसातून दोनदा, एका वेळी एक मिलिलिटर लावायला सांगतात. ते केसांवर नाही, कातडीवर लागलं पाहिजे.

इथे बहुतेक जण एका गोष्टीमुळे फसतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण जुने केस नव्या केसांना जागा देतात. घाबरून तिथेच औषध सोडलं की सगळं वाया. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध बंद केलं की काही महिन्यांत आलेले केस पुन्हा जातात. म्हणजे हा दोन महिन्यांचा कोर्स नाही, चष्म्यासारखा रोजचा सोबती आहे.

औषध लावल्यावर साधारण चार तास डोकं धुवायचं नसतं. म्हणून फजरच्या नमाजनंतर आणि रात्री ईशानंतर लावणं सोयीचं पडतं, मधल्या वुजूमध्ये अडचण येत नाही. झोपण्याआधी ते वाळू द्या. अशा अनेक औषधांत अल्कोहोल असतं. मनात शंका असेल तर आलिमांना विचारा आणि डॉक्टरांना दुसरा पर्याय मागा. घरात मांजर असेल तर खास काळजी घ्या. मिनॉक्सिडिल मांजरासाठी जीवघेणं विष आहे, थोडंसं चाटलं तरी. हात धुवा, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, बाटली बंद ठेवा. छातीत धडधड, चक्कर किंवा पायाला सूज आली तर औषध थांबवून डॉक्टरांकडे जा.

दुसरं फिनास्टेराइड. ही १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी तयार होणं कमी करते. टकलासाठी तिला अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली. बहुतेक पुरुषांमध्ये गळती थांबते, अनेकांमध्ये थोडे केस परतही येतात. पण थोड्या जणांना कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन उदास राहणं असे त्रास होतात. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. म्हणून ज्याला आधी डिप्रेशन झालं असेल त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गोळी चालू असताना मन बिघडतंय असं वाटलं तर घरात लगेच सांगावं. या लाजायच्या गोष्टी नाहीत.

आणखी तीन सूचना. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. गोळी चालू असताना आणि ती बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करू नये. आणि पन्नाशीपुढच्या माणसाने प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण तिच्यामुळे आकडा निम्म्यावर येतो.

स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची इंजेक्शनं, म्हणजे पीआरपी, काहींना उपयोगी पडतात. पण खर्च जास्त, निकाल सगळ्यांना सारखा नाही आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. कर्ज काढून घेण्यासारखी ही गोष्ट नाही.

केसरोपण: घाई नको

केसरोपणात डोक्याच्या मागचे टिकाऊ केस काढून पुढे लावतात. नवे केस तयार होत नाहीत, असलेल्यांची जागा बदलते. त्यामुळे मागचा साठा मर्यादित असतो. बावीस वर्षांच्या मुलाने घाईत पुढची रेषा भरून घेतली आणि मागचं टक्कल वाढत गेलं, तर पुढे एक पट्टा आणि मागे मोकळं मैदान असं चित्र दिसतं. रोपणानंतरही उरलेले केस टिकवायला बहुतेकांना औषध चालूच ठेवावं लागतं.

हे ऑपरेशन आहे, सलूनचं काम नाही. कानपूरमध्ये केसरोपणानंतर दोन इंजिनिअर तरुणांचा जीव गेल्याचं २०२५ मध्ये समोर आलं. त्याआधीच, २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून शिकलेलं यासाठी पुरेसं नाही, असं स्पष्ट केलं होतं. म्हणून आधीच विचारा: ऑपरेशन स्वतः कोण करणार? त्याची डिग्री कोणती? त्रास झाला तर जवळ आयसीयू आहे का? या प्रश्नांवर जिथे हसून टाळतात, तिथून उठून या.

डॉक्टरकडे कधी आणि कसं जायचं?

केसांची रेषा मागे सरकू लागली, गोल डाग पडला, डोक्यात खाज-पू-दुखणं सुरू झालं किंवा गळती काही महिने थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मोठ्या खर्चाची भीती असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचं त्वचा विभागाचं ओपीडी आहे. मुंबईचं जे. जे., छत्रपती संभाजीनगरची घाटी, सोलापूरचं सिव्हिल, नागपूरचं मेडिकल. अशा ठिकाणी कमी खर्चात तपासणी होते.

जाताना गेल्या सहा महिन्यांतले आजार, चालू औषधं, जिमची पावडर आणि इंजेक्शनं, आणि घराण्यात कुणाला टक्कल आहे हे लिहून न्या. एक-दोन वर्षांपूर्वीचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर दाखवा. इलाज सुरू केल्यावर दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. आणि कमी वयात टक्कल पडत असेल तर त्या निमित्ताने ब्लड प्रेशर आणि साखरही तपासून घ्या. लवकर टक्कल आणि हृदयाचे आजार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

शेवटी घरच्यांसाठी

आपल्या घरांत टकलावर हसणं फार सहज होतं. 'चांद निकल आया' म्हणून सगळे हसतात, तोही हसतो आणि मग रात्री मोबाईलवर इलाज शोधत बसतो. तिथूनच तो ठगांच्या हातात सापडतो. ज्या घरात मुलाला मोकळेपणाने बोलता येतं, तिथे तो वेळेवर डॉक्टरांकडे जातो.

रिश्ता पाहणाऱ्यांनाही आमचं एक सांगणं आहे. मुलाचा स्वभाव, त्याची कमाई हलाल आहे का, तो घरच्या बायकांशी कसा वागतो, हे आधी विचारा. केस तर आज आहेत, उद्या नाहीत. आणि मुलांनो, टक्कल स्वीकारून डोकं बारीक ठेवणं हाही एक चांगला, बिनखर्चाचा पर्याय आहे. इलाज करायचा असेल तर लवकर करा, पूर्ण करा. नसेल करायचा तर ताठ मानेने तसंच राहा. पण कारण न विचारता कुणाच्या बाटलीला पैसे देऊ नका.